पेशी कुठवर पोचल्या?

माझ्या आजाराचं नाव डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. गावाकडं सगळे 'गाठीचा कॅन्सर' म्हणतात, आणि ते चूकही नाही. मानेत गाठ, बायोप्सी, आर-चॉप नावाची केमो, वर्षभर बरं, मग पोटात पुन्हा गाठी, पुन्हा वेगळी केमो आणि तीही पुरी पडली नाही. इथवरची गोष्ट आपल्याकडं अनेक घरांत घडते, म्हणून ती लांबवत नाही. मला सांगायचंय ते पुढचं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, चाचणीतला पेशंट म्हणून, मला कार-टी पेशींचा उपचार मिळाला. माझ्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढल्या, त्यांच्यात एक जनुक घातलं आणि त्या परत मलाच दिल्या. तेव्हापासून आमच्या गावी, परभणीच्या सेलूत, जो भेटेल तो एकच विचारतो, "मग त्या पेशी मशीनमधी दिसायल्यात का? कुठवर गेल्यात?"

मलाही तेच विचारायचं होतं. मी भूमी अभिलेखात भूकरमापक आहे. नकाशावर दाखवता येत नाही ती हद्द आम्ही मानत नाही. त्यामुळं औषधापेक्षा स्कॅनकडंच माझं लक्ष जास्त, आणि डॉक्टरांना मी पिडलं तेही त्यावरूनच.

पेट-सीटी नावाचे स्कॅन आधीही झाले होते, छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी सेंटरवर. ज्यांना तो पहिल्यांदा करायचाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडं लोक याला 'मोठं सिटीस्कॅन' समजतात, सकाळी पोहे खाऊन जातात आणि तसेच परत येतात.

आदल्या दिवशी सेंटरवरून फोन येतो. भात, पोळी, भाकरी, साखर, फळं, गोड काही नाही. पनीर, अंडी, चिकन चालेल. पाणी भरपूर प्या, जड काम करू नका, रात्रीनंतर पाण्याशिवाय काही नको. मी माळकरी, म्हणजे उरलं पनीर, आणि ते त्या दिवशी सेलूत मिळेना. माय बडबड करत होती, "भाकर खाऊ देईनात अन् वरून सुया टोचायलेत, ही कुठली रीत?" तिला समजावणं अवघड होतं, पण कारण सोपं आहे. या तपासणीत नसेतून जे औषध देतात ते म्हणजे साखरच, फक्त तिला फ्लोरिनचा एक किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. एफडीजी म्हणतात त्याला. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, ही साखरही ओढतात, पण ती त्यांना पचवता येत नाही. आत गेल्यावर तिला एक फॉस्फेट चिकटतो आणि ती तिथंच अडकून बसते. आपण आधीच भाकरी खाऊन रक्तात साखर आणि इन्सुलिन वाढवून ठेवलं, तर ही दिलेली साखर स्नायूंत निघून जाते आणि गाठी फिक्या दिसतात. म्हणून तिथं गेल्यावर पहिलं काम बोटाला टोचून साखर बघायचं. २००च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तारीख पुढं ढकलतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवणीनं आधी विचारा. मेटफॉर्मिनमुळं आतडी उजळतात आणि पोटातली गाठ त्यात लपते.

दुसरी गोष्ट, नंबर सकाळी सातचा असला तरी तो सातला लागेलच असं नाही. डोस बाहेरगावाहून गाडीनं येतो. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांना निम्मा होतो. सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे हा किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रापासून, निघालेली गाडी साडेपाच तास रस्त्यावर राहिली तर निघतानाच्या मालाचा आठवा हिस्साच उरतो. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. आता ते बऱ्याच शहरांत आहेत, पण प्रत्येक सेंटरच्या दाराशी नाहीत. घाटात ट्रक आडवा झाला की इकडं सगळे पेशंट उपाशीपोटी एकमेकांची तोंडं बघत बसतात. एकदा टेक्निशियननं येऊन सांगितलं, "डोस नगरच्या पुढं आलाय," आणि सगळ्यांनी एसटीची वाट बघावी तशी घड्याळं बघितली.

इंजेक्शन झालं की अंधाऱ्या खोलीत तासभर गप्प पडून राहायचं. मोबाईल नाही, बोलणं नाही, अंगावर ब्लँकेट. शेजारच्या खुर्चीत बीडचे एक काका होते, त्यांच्या गालात सुपारी. सिस्टरनं ती थुंकायला लावली. काकांना वाटलं स्वच्छतेचं काही असेल. खरं म्हणजे चावलं की जबड्याचे स्नायू साखर ओढतात आणि चित्रात जबडा पेटलेला दिसतो. बोललं तर स्वरयंत्र. थंडी वाजली तर मानेजवळची आणि खांद्याजवळची तपकिरी चरबी जागी होते, आणि लिम्फोमाच्या गाठी तर नेमक्या तिथंच शोधायच्या असतात. ब्लँकेट लाडासाठी नसतं.

मग लघवी करून मशीनवर. हात डोक्यावर, वीसेक मिनिटं हालायचं नाही. त्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला धडकून दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. मशीनच्या कड्यातल्या समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांना ते एकाच क्षणी लागले की त्या दोघांमधल्या रेषेवर कुठंतरी तो अणू होता एवढं कळतं. अशा कोट्यवधी रेषांवरून चित्र तयार होतं, आणि सीटी त्याला हाडामांसाची चौकट देतो. घरी आल्यावर काही तास गरोदर बाई आणि लहान लेकरांपासून लांब राहायचं. माझ्या भाचीचं बाळ तेव्हा तान्हं होतं, म्हणून त्या रात्री मी माडीवर झोपलो.

स्वतःचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेंदू काळाकुट्ट, मूत्राशय काळंकुट्ट. मला वाटलं संपलं सगळं. टेक्निशियन म्हणाला, "मेंदू साखरेवरच चालतो, तो असाच दिसायला पाहिजे. आणि उरलेलं औषध लघवीतून जातं." या चित्रात काळं म्हणजे वाईट असं नसतं. कुठलं काळं कुठं असायला पाहिजे, हे वाचणाऱ्याला माहीत पाहिजे.

मुंबईला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी माझ्या फिल्मांकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, सीडी आणा, नाहीतर पेनड्राईव्ह, मूळ फायली असलेला. फिल्म म्हणजे कुणीतरी निवडलेली थोडी चित्रं. त्यांना सगळे काप स्वतः उलगडून बघायचे असतात. रिपोर्टात 'एसयूव्ही' म्हणून आकडे येतात, पेशींनी साखर किती ओढली याचे. तो आकडा वजनावर, त्या दिवशीच्या साखरेवर, इंजेक्शननंतर किती वेळ थांबवलं त्यावर आणि मशीनवरही बदलतो. दोन गावच्या दोन मशीनांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं' किंवा 'कमी झालं' म्हणणं धोक्याचं. पुढं मला याचा प्रसाद मिळाला, ते येईलच.

चाचणीचं संमतिपत्र मराठीत होतं आणि ते मी फेरफार वाचतो तसं ओळ न् ओळ वाचलं. आधी रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. दोन्ही हातांत सुया, शेजारी फिरणारं मशीन, काही तास. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात त्यानं कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. तेवढ्यासाठी कॅल्शियम देतात. मग त्या पेशी प्रयोगशाळेत जातात. तिथं एका विषाणूच्या पाठीवर नवीन जनुक त्यांच्यात पोचवतात, मग त्यांची संख्या वाढवतात, तपासण्या होतात, आणि यात आठवडे जातात. तो विषाणू एचआयव्हीच्याच घराण्यातला, पण रोग करणारा सगळा भाग काढून टाकलेला. हे वाचून आमच्या मालकीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. गावात आम्ही हे सांगितलंच नाही, आणि तेच बरं केलं असं मला अजूनही वाटतं. त्या जनुकामुळं टी-पेशीच्या अंगावर सीडी१९ ओळखणारा हूक येतो. सीडी१९ ही खूण बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, असते. लिम्फोमा बी-पेशींचाच, म्हणून तो सापडतो.

देशात बनलेला असा पहिला उपचार म्हणजे नेक्सकार१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तो उभा राहिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. किंमत चाळीस-पन्नास लाखांच्या घरात सांगतात. अमेरिकेत अशाच उपचाराचे तीन-चार कोटी होतात, त्यामानानं स्वस्त. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला या दोन्ही आकड्यांत फारसा फरक नाही. मी चाचणीत बसलो म्हणून इथवर आलो, ही माझी कर्तबगारी नाही.

पेशी तयार होईस्तोवरच्या दिवसांत वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर होता, नांदेडचा. आपल्याकडचा म्हटल्यावर मी त्याला सोडलं नाही.

"डॉक्टर, ह्या पेशी आत सोडल्या की पेटमध्ये दिसतील ना?"

"नाही काका. पेटमध्ये साखर खाणारी जागा दिसते. खाणारा कोण, ते नाही सांगत."

"मग तुम्हाला तरी कसं कळणार पेशी पोचल्यात का?"

तो हसला आणि तपासणीच्या फॉर्मच्या पाठीवर चित्र काढायला बसला. त्यानं त्या संध्याकाळी आणि नंतरही तुकड्या-तुकड्यानं जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो.

पहिला मार्ग म्हणजे पेशी सोडायच्या आधी त्यांनाच किरणोत्सारी रंग लावायचा, इंडियम-१११ किंवा झिर्कोनियम-८९चा. इंडियम साधारण पावणेतीन दिवसांत निम्मं होतं, झिर्कोनियम सव्वातीन दिवसांत, म्हणजे काही दिवस माग काढता येतो. पण पेशीची एकाची दोन झाली की रंग वाटला जातो, दोनाच्या चार झाल्या की आणखी पातळ. कार-टी पेशी तर वाढण्यासाठीच सोडलेल्या असतात. शिवाय पेशी मेली की तिचा रंग दुसरी कुठलीतरी पेशी गिळते आणि आपण मेलेल्याचा माग काढत बसतो.

दुसरा मार्ग हुशारीचा आहे. उपचाराचं जनुक घालतानाच त्याच्यासोबत आणखी एक जनुक घालायचं, ज्याचं काम फक्त 'मी इथं आहे' असं सांगणं. याला रिपोर्टर जनुक म्हणतात. हर्पिसच्या विषाणूतलं थायमिडिन कायनेज हे त्यातलं जुनं नाव. ते जनुक असलेली पेशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवते. मग एफएचबीजी नावाचं, फ्लोरिन-१८च जोडलेलं औषध नसेतून द्यायचं. ज्या पेशीत ते विकर आहे तिथं औषधाला फॉस्फेट चिकटतो आणि ते आत अडकतं. बाकीच्या पेशींतून निघून जातं. एफडीजीचीच युक्ती, फक्त इथं साखर खाणारा कुणीही दिसत नाही, आपण खूण केलेलाच दिसतो. आणि पेशीची दोन झाली तरी जनुक दोघींत जातं, पातळ होत नाही.

मला हे आमच्या भाषेत पक्कं समजलं. उपग्रहाच्या फोटोत उभं पीक दिसतं, पण रान कुणाचं ते दिसत नाही. त्यासाठी हद्दीला दगड आधीच रोवलेला असावा लागतो. नंतर मोजणीचा कितीही भारी रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र, आणला तरी न रोवलेला दगड सापडत नाही. मी हे बोललो तेव्हा डॉक्टर म्हणाला, "बरोबर. अन् तुमच्या पेशींत दगड नाही रोवलेला काका."

म्हणजे माझ्या बाबतीत विषय संपला होता, पण मी विचारत राहिलो. माणसांत हे कधी केलंय का? केलंय. २००९ साली अमेरिकेत मेंदूच्या ग्लायोमाच्या एका पेशंटला अशा खुणेच्या टी-पेशी देऊन त्या पेटवर पाहिल्या, आणि २०१७ साली सात पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कामामागं स्टॅनफोर्डचे संजीव सॅम गंभीर होते, जन्म अंबाल्याचा. हे काम चालू असतानाच, २०१५ मध्ये, त्यांचा स्वतःचा मुलगा मेंदूच्या कॅन्सरनंच गेला आणि २०२० मध्ये ते स्वतः कॅन्सरनं गेले. हे ऐकून मी त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी विचारला. मग सगळ्यांनाच ही खूण का घालत नाहीत? हर्पिसचं प्रथिन शरीराला परकं, त्यामुळं आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींच्या मागं लागू शकते. त्या एफएचबीजीला मेंदूच्या शाबूत रक्तवाहिन्या ओलांडता येत नाहीत, आणि यकृत, मूत्रपिंड, आतडी तिकडं औषध जातंच, म्हणजे पोटातलं चित्र गढूळ. थोड्याथोडक्या पेशी असतील तर मशीनला त्या जाणवतही नाहीत. आणि एक जनुक जास्त घातलं की सुरक्षिततेचा सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागतो, खर्च वाढतो. एक फायदा मात्र त्यानं सांगितला तो मला फार आवडला: या खुणेच्या पेशी उलटल्या तर गॅन्सिक्लोव्हिर नावाचं औषध देऊन नेमक्या त्याच मारता येतात.

परकेपणा टाळायचा तर माणसाचंच जनुक वापरायचं. थायरॉईड आयोडीन आत ओढतं ते एका प्रथिनाच्या दारातून. त्या दाराचं जनुक खूण म्हणून वापरतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं गोवराच्या विषाणूत ते घालून मायलोमाच्या, म्हणजे मज्जेतल्या कॅन्सरच्या, पेशंटांना दिलं आणि किरणोत्सारी आयोडीननं तो विषाणू गाठींत पोचलेला दाखवला. ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यातही थायरॉईड आणि जठर आपोआप उजळतात, ते सोडून बघायचं.

मग माझ्या पेशी आल्या. तीन दिवस हलकी केमो, आधीच्या टी-पेशींची गर्दी कमी करायला, आणि नंतर एक छोटी पिशवी. एवढा गाजावाजा आणि पिशवी मिनिटांत संपली. गोठवताना घातलेल्या द्रवाचा लसणासारखा वास खोलीभर राहिला, दाजी म्हणाले, "फोडणी दिली का काय कुणी?"

काही दिवसांनी ताप चढला. डॉक्टरांना तो अपेक्षितच होता. पेशी कामाला लागल्या की शरीरात रसायनांचं उधाण येतं, रक्तदाब उतरू शकतो, आणि त्यासाठी टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं. मला ते लागलं. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ एक परीक्षा असायची: साल कोणतं, हॉस्पिटल कोणतं, पेन दाखवून 'हे काय', शंभरापासून दहा-दहानं मागं मोजा, आणि वहीत एक वाक्य लिहा. वाक्य आपल्या मनानं निवडायचं. मी चतुःसीमा लिहायचो: पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता. एके सकाळी मी 'पूर्वेस' लिहिलं आणि पुढं पुन्हा 'पूर्वेस', पुन्हा 'पूर्वेस', आणि अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सिस्टरनं वही उचलली आणि पळत गेली. मेंदूचा एमआरआय झाला, तो स्वच्छ आला. मेंदूचं काहीतरी बिघडतंय हे कोटींच्या मशीनला दिसलं नाही, दहा रुपयांच्या वहीत दिसलं. स्टिरॉईड दिलं, अक्षर परत आलं.

तिसाव्या दिवसाचा पेट मुंबईतच, त्याच मशीनवर, जिथं पेशी द्यायच्या आधीचा झाला होता. लिम्फोमाच्या पेटला एक ते पाच असे गुण देतात. फ्रान्समधल्या दोव्हील गावी २००९ साली तज्ज्ञ जमले होते, त्या गावाचंच नाव मोजपट्टीला पडलं. कल्पना सुरेख आहे. आकड्यावर भांडत बसण्याऐवजी गाठीची तुलना पेशंटच्याच शरीराशी करायची: छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांइतकी किंवा कमी उजळ असेल तर दोन, त्याहून जास्त पण यकृताइतकीच असेल तर तीन, यकृताहून जास्त असेल तर चार, फारच जास्त किंवा नवीन गाठ असेल तर पाच. काहीच नसेल तर एक. माझी मान स्वच्छ होती. पोटातल्या गाठींपैकी बाकीच्या विझल्या होत्या आणि आतड्यांजवळची एक राहिली होती. चार.

आता खरा पेच. कार-टी पेशी गाठीत शिरून लढत असतील तर त्याही साखर खातात. त्यांच्यामुळं आलेली सूजही साखर खाते. उरलेला लिम्फोमाही साखर खातो. तिघंही चित्रात एकसारखेच उजळ. 'खाणारा कोण ते नाही सांगत', हे नांदेडच्या पोरानं आधीच सांगितलं होतं, पण ते आता माझ्या पोटात होतं. गाठ अशा जागी होती की सुई घालणं धोक्याचं. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीचं माप कमी झालंय, तुम्ही बरे दिसताय, थांबू. नव्वदाव्या दिवशी पुन्हा बघू."

महिनाभर हॉस्पिटलच्या आसपास राहण्याची अट संपली आणि तपोवन एक्सप्रेसनं सेलूला आलो. घरी थांबणं म्हणजे सगळ्यांची मतं ऐकणं. दाजींना थांबायचं नव्हतं. त्यांनी आग्रह करून मधल्या काळात आपल्याकडच्याच एका ठिकाणी पेट करायला लावला, तिथं माझा जुना स्कॅन नव्हता. रिपोर्ट आला: आकडा मुंबईपेक्षा जास्त, 'आजार वाढल्याची शक्यता'. घरात सुतक पडल्यासारखं झालं. मुंबईला फोन केला तर उत्तर शांत होतं: मशीन वेगळं, थांबवलेला वेळ वेगळा, आणि कार-टी झालंय हे वाचणाऱ्याला कुणी सांगितलंय का? फॉर्मवर फक्त 'लिम्फोमा, केमोनंतर' एवढंच लिहिलेलं निघालं. ज्याला स्कॅन वाचायचाय त्याला पूर्ण इतिहास मिळाला नाही तर तो तरी काय करणार? पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं घेतल्यावर हाडांतली मज्जा उजळते, लस घेतलेल्या हाताच्या काखेतली गाठ उजळते; हे न सांगता स्कॅन करणाऱ्यांची संख्या कमी नसणार.

त्याच फोनवर बाईंनी एक विचारलं, "मागच्या रक्ताचा रिपोर्ट बघितलात का? बी-पेशी?" मी बघितला होता. बी-पेशी शून्य. मला ते वाईट वाटलं होतं. त्यांचं म्हणणं उलट होतं. कार-टी पेशींना सीडी१९ दिसलं की त्या मारतात. ते चांगल्या बी-पेशींवरही असतं. मज्जा रोज नवीन बी-पेशी बनवते आणि तरी रक्तात एकही नाही, म्हणजे त्या टी-पेशी अजून आहेत आणि कामावर आहेत. कुठं आहेत ते नाही कळत. आहेत एवढं कळतं.

इतक्या महिन्यांत मला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर, आणि ते कुठल्याच चित्रातून आलं नाही. किंमत मात्र आहे. बी-पेशी नाहीत म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनत नाहीत, म्हणून नसेतून इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं लागतं, पाणी उकळून, गर्दीत मास्क. वारी त्या वर्षी टीव्हीवर.

नव्वदाव्या दिवसाचा स्कॅन मुंबईतच. पनीर या वेळी आधीच आणून ठेवलं होतं. ती गाठ दोनवर आली होती. मागची जागा दाखवायला डॉक्टरांना जुना स्कॅन शेजारी उघडावा लागला. म्हणजे तिसाव्या दिवशी जे उजळलं होतं ते बहुधा आपलंच सैन्य होतं, नाहीतर त्याची धूळ. 'बहुधा' हा शब्द बाईंचा.

यानंतर दर काही महिन्यांनी पेट करत राहायचं असं मी धरून चाललो होतो. त्यांनी नको म्हटलं. लक्षणं नसताना सारखा स्कॅन केला की कुठलीतरी निरुपद्रवी जागा उजळते, मग त्यामागं सुया आणि काळजी, आणि किरणोत्सार फुकटचा. माझा जीव तयार नव्हता, पण तीन मापकांनी तीन वेळा मोजलेल्या रानात भांडणं जास्त असतात हे मी नोकरीत बघितलंय, म्हणून ऐकलं. रक्त मात्र नियमित द्यायचं. जनुक घातलेल्या पेशींचा पाठपुरावा १५ वर्षं करावा अशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस आहे, आणि माझ्या संमतिपत्रातही तेवढाच काळ लिहिलाय. तोवर मी निवृत्त होऊन बसलेला असेन.

मागच्या खेपेला नांदेडचा डॉक्टर भेटला. आता प्रोस्टेटच्या पीएसएमए या खुणेवर काम चाललंय म्हणाला. ते माणसाचंच प्रथिन, म्हणून शरीर चिडण्याची भीती कमी, आणि ते दाखवणारं पेटचं औषध प्रोस्टेट कॅन्सरसाठी आपल्याकडं आधीपासून वापरात आहे. कार-टी पेशींवर ही खूण बसवून प्राण्यांत त्यांचा माग काढून झालाय. मी लगेच विचारलं, "मग पुढच्या वेळी माझ्या पेशींत घालता येईल का?"

"काका, पुढची वेळ यायची म्हणजे आजार परत यायला पाहिजे."

मी तो विषय तिथंच सोडला आणि इम्युनोग्लोब्युलिनची तारीख विचारून घेतली.